अर्थ मोजणाऱ्यांचा इतिहास

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे ‘सेट’ असे ठरलेले होते. गिनेस बुकच्या जुन्या आवृत्त्यांनी त्याचे नाम म्हणून ५८, क्रियापद म्हणून १२६ आणि विशेषण म्हणून १० असे १९४ उपयोग दिले होते. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्याच शब्दाचे अर्थ ४३० भरले. २०११ मध्ये त्या कोशाच्या नव्या संपादनात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि पहिला क्रमांक ‘रन’कडे गेला. हे आकडे इंग्रजीच्या अफाटपणाचा दाखला म्हणून चवीने सांगितले जातात. माझ्या मते ते आधी कोशकारांच्या कामाचा दाखला आहेत. कोणता शब्द नोंदवण्याजोगा मानला, पुरावा कसा जमवला आणि एक अर्थ संपून दुसरा कुठे सुरू होतो हे कोणी ठरवले, यावर आकडा ठरत आला आहे.

इंग्रजीचा पहिला एकभाषिक कोश मानला जातो तो रॉबर्ट कॉड्रीचा, १६०४ सालचा. त्यात सुमारे २,५०० शब्द होते आणि तेही कठीण, बहुधा लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले. धावणे, ठेवणे, घेणे हे ज्याला त्याला येते, ते पुस्तकात कशाला, हा विचार त्या काळी अगदी रास्त होता. १७०२ मध्ये जॉन कर्सीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोशाने रोजचे शब्द आत घेतले. १७४९ मध्ये बेंजामिन मार्टिनने अर्थांना क्रमांक देऊन ते वेगळे मांडले आणि १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनने त्या क्रमांकांखाली ग्रंथांतली अवतरणे घातली. जॉन्सनच्या कोशात ‘टेक’ या एका क्रियापदाचे १३४ अर्थ आहेत. कॉड्री ते जॉन्सन या दीडशे वर्षांत ते अर्थ उगवले असे कोणी म्हणणार नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि बायबलच्या भाषांतरात त्यांतले कितीतरी आधीच रुळलेले होते. कोशकाराची नजर तेवढी त्यांच्याकडे उशिरा वळली.

नजर वळली तरी पुरावा हवा, आणि इथे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांचा अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये नव्या कोशाचा विचार मांडला आणि त्यासाठी स्वयंसेवक वाचक पुस्तके वाचून अवतरणांच्या चिठ्ठ्या पाठवू लागले. १८७९ मध्ये मरे यांनी सूत्रे हाती घेतली आणि साठलेल्या चिठ्ठ्या उघडल्या. ‘अब्यूजन’ या दुर्मिळ शब्दाची सुमारे ५० अवतरणे निघाली. ‘अब्यूज’ या नित्याच्या शब्दाची पाचसुद्धा नव्हती. वाचणारा माणूस नवल दिसले की थांबतो, सवयीच्या शब्दावरून त्याची नजर घसरते. मरे यांना साध्या शब्दांसाठी वेगळे आवाहन करावे लागले. ते केले नसते, तर तो कोश सामान्य शब्दांविषयी गरीबच राहिला असता, आणि आपण इंग्रजीचे साधे शब्द खरोखर साधे आहेत असे समजून बसलो असतो.

साधन बदलले की मोजणी बदलते, हे आपल्याकडच्या अमरकोशातही दिसते. त्यातला नानार्थवर्ग अनेकार्थी शब्दांचाच आहे. ‘हरि’ म्हणजे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक, शिवाय पिंगट रंग; हे सारे एका श्लोकात बसते. ग्रंथ पाठांतरासाठी, म्हणून जे छंदात मावेल आणि जिभेवर राहील तेवढे घेतले. रॉजेने आपल्या इंग्रजी पर्यायकोशाच्या प्रस्तावनेत अमरकोशाची मांडणी सदोष आणि गोंधळाची म्हटली. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. मुखोद्गत करायच्या ग्रंथाकडून टेबलावर उघडून ठेवायच्या ग्रंथाची शिस्त मागणे बरोबर नव्हे.

आकडा कोशकारांच्या कामावर ठरतो, या म्हणण्यावर एक आक्षेप येतो. ‘रन’ पुढे गेला तो यंत्रयुगामुळे, असे सांगतात: गाड्या, गिरण्या, धंदे आणि आता संगणकावरचे प्रोग्रॅम, सगळे इंग्रजीत ‘रन’ होतात. हे खरे आहे, आणि नवे अर्थ जीवनातून येतात हे मी नाकारत नाही. पण तुलना समान पायावर नाही. ‘सेट’चा आकडा ज्या नोंदीतून आला, ती मुळात विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री ब्रॅडली यांच्या संपादनाखाली झाली आणि पुढे तिच्यात भर पडली. ‘रन’ची नोंद पीटर गिलिव्हर यांनी नव्याने केली, त्या एका क्रियापदाला नऊ महिने दिले, आणि त्यांच्या हाताशी संगणकावर शोधता येणारे ग्रंथांचे प्रचंड भांडार होते.

मग आकडा केवळ मर्जीचा का? तसेही नाही. मराठीतले ‘लागणे’ घ्या: भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वाटेत गाव लागते. फलाटावर गाडी लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते, हे दोन अर्थ कोणताही कोशकार एकत्र करणार नाही. पण भूक आणि तहान लागणे एक, आणि वेड लागणे दुसरे का, यावर दोन जाणकारांचे दुमत होईल. अशा ठिकाणी अवतरणेच वाद मिटवतात, किंवा निदान त्याला मर्यादा घालतात. ‘सेट’च्या बाबतीत त्याही आधीचा प्रश्न आहे. ठेवणे या अर्थाचे क्रियापद जुन्या इंग्रजीतले, ‘बसणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप; वस्तूंचा संच या अर्थाचे नाम मात्र जुन्या फ्रेंचमधून, मुळात लॅटिन ‘सेक्टा’वरून आले आणि नंतर क्रियापदाच्या अर्थछटांत मिसळले. ऑक्सफर्डचा कोश त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. ५८ आणि १२६ यांची बेरीज करणाऱ्याने ही दोन कुळे एकाच शब्दाची म्हणून धरली होती.