हाली, कलदार आणि नोंदणीचे दोनशे रुपये

१/ शिरूर अनंतपाळ येथे मोडी वाचनाची एक दिवसाची कार्यशाळा घ्यावी, शुल्क २०० रुपये ठेवावे, असे आम्ही काही मित्रांनी ठरवले. वाद झाला तो पैसे कसे घ्यावेत यावरून. एक जण म्हणाला, ऑनलाइन क्रेडिट कार्ड घेऊ, बाहेरगावचे लोकही येतील. दुसऱ्याने विचारले, इथल्या किती विद्यार्थ्यांकडे कार्ड आहे? मित्रहो, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही.

२/ १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा रुपया निराळा, त्याचे नाव हाली शिक्का. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत.

३/ १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. बार्शी कलदाराच्या मुलखात, लातूर हालीच्या. एकाच रुळाच्या दोन टोकांना दोन नाणी! नाणे बदलून देताना सराफ जी कसर कापून घेई, तिला ‘बट्टा’ म्हणत. नावाला लागतो तो बट्टाही याच पेढीवरचा.

४/ दूरच्या पेठेत रोकड नेण्याऐवजी हुंडी जाई आणि तिच्यासाठी हुंडणावळ द्यावी लागे. दाखवताच पैसे देणारी ती दर्शनी, ठरल्या मुदतीनंतर देणारी ती मुदती. पत असलेल्या माणसालाच पैसे मिळावेत, अशी ती शहाजोग. हुंडी गहाळ झाल्यास दुसरी प्रत लिहून देत, तिला ‘पेठ’ म्हणत. पैसे मात्र एकदाच मिळत.

५/ आजची व्यवस्था निवडतानाही हेच प्रश्न विचारावेत. पहिला हुंडणावळीचा. कार्डावर समजा २ टक्के शुल्क असेल, तर २०० रुपयांमागे ४ रुपये जातात. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने बँक खात्यातून थेट दिलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून असे व्यापारी शुल्क नाही.

६/ दुसरा प्रश्न, दर्शनी की मुदती? पेमेंट गेटवेमार्फत आलेली रक्कम आयोजकाच्या खात्यात काही अवधीने जमा होते. जेवणाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे असतील, तर तो अवधी आधी विचारून घ्यावा.

७/ तिसरा, शहाजोगाचा. ऑनलाइन कार्ड व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ओळखीची दुसरी खूण सक्तीची केली. आपला ओटीपी तो हाच. चौथा, पेठेचा. नेट तुटले, पैसे कापले गेले, पावती आली नाही, तर व्यवहार क्रमांकावरून शोध कोण घेणार आणि परतावा कोण देणार?

८/ पाचवा प्रश्न सर्वांत मोठा. दाराबाहेर कोण राहतो? विलीनीकरणानंतर हाली शिक्का एका रात्रीत बाद झाला नाही. भारतीय रुपयाबरोबर तो काही वर्षे चालला आणि १९५९ मध्ये मागे घेतला गेला. मडक्यात, पेटीत पुंजी ठेवणाऱ्यांना ती बदलून घेण्यास अवधी मिळाला.

९/ आम्हीही दोन्ही नाणी चालू ठेवली. यूपीआय आहे, बाहेरगावच्यांसाठी कार्ड आहे, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्यासाठी रोख, वहीत नाव व हातात पावती. तिन्ही वाटांनी येणाऱ्यांची यादी एकच. कार्डाची हुंडणावळ आयोजकांनी सोसायची.

१०/ पैसे घेण्याची रीत ठरवताना आपण नकळत माणसे निवडत असतो. चारमिनारची छाप असलेले हाली नाणे तुमच्या घरी असेल, तर ते शेवटचे कधी चालले, हे आजी-आजोबांना जरूर विचारा.