रुग्ण सहायकाचे प्रशिक्षण : प्रवेशापूर्वी हे जाणून घ्या

डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज रुग्णाच्या निकट सहवासात असतो तो रुग्ण सहायक. रुग्णालये, वृद्धाश्रम आणि घरगुती शुश्रूषा अशा ठिकाणी त्याला काम मिळते. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रशिक्षण काही महिन्यांत पूर्ण होते. कोरोना साथीच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्र सरकारने अशा मनुष्यबळासाठी खास अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही सुरू केले होते.

काय शिकवितात?
रुग्णाचे अंग पुसणे, रुग्ण अंथरुणात असतानाच चादर बदलणे, जेवण भरविणे, व्हीलचेअरवर बसविणे, ताप व नाडीची नोंद ठेवणे. शय्याव्रण टाळण्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. हातांची स्वच्छता आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे रंगानुसार वर्गीकरण यांवरही भर असतो.

परिचारिका नव्हे
इंजेक्शन देणे वा सलाइन लावणे हे सहायकाचे काम नाही. परिचारिका होण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम आणि परिचर्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. सहा महिन्यांत ‘नर्स’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींतून ही नोंदणी मिळत नाही. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देणार आणि रुग्णालयात प्रत्यक्ष सराव किती दिवस मिळणार, हे लेखी घ्यावे. अन्यथा पैसे आणि उमेदीचे महिने वाया जातातच. शिवाय अर्धवट शिकलेल्या हाती रुग्णाचा जीव सोपविला जातो.