चेलो वाजवणाऱ्याचं नाव

आजचा विषय कळल्यावर गोंदियातल्या एका मित्राने विचारलं, "चेलो म्हणजे मोठं व्हायोलिनच ना?" दिसायला तसंच. पण ते खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचं, खालची दांडी जमिनीवर टेकवायची आणि गज आडवा ओढायचा. आवाज पुरुषाच्या गळ्याजवळचा. जुन्या हिंदी गाण्यात लताबाईंचा स्वर वर चाललेला असतो आणि खालून काहीतरी खोल त्याला सावरून धरत असतं. त्यात पुष्कळदा चेलो असतो. वाजवणारा कोण, हे मात्र तबकडीवर लिहिलेलं नसतं.

आपल्या दंडारीत वादक समोर दिसतो, त्याला नावाने दाद मिळते. सिनेमाचा वादक दिसतच नाही.

प्रभात किंवा न्यू थिएटर्सच्या काळात वादक महिन्याच्या पगारावर असत. त्या कंपन्या मोडल्या आणि मुंबईत रेकॉर्डिंगप्रमाणे पैसे मिळू लागले. काम असेल तर सकाळी ताडदेवला, दुपारी आणखी कुठे. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, पण नुसत्या सिम्फनीवर घर चालणं कठीण. घर चालवलं ते सिनेमाने. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेली मुलं इथे उपयोगी पडली. सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर चेलोसाठी मूळ चालीला छेद देणारी वेगळीच ओळ लिही. आणि पुष्कळ वर्षं गायक नि वादक सगळे एकदमच ध्वनिमुद्रित होत. कोपऱ्यातल्या चेलोवाल्याचा एक सूर हलला की पुन्हा पहिल्यापासून! विचार करा, पन्नास माणसं थांबलेली आणि सगळ्यांना ठाऊक की चूक कोणाची.

हावडा-मुंबई रेल्वे आपल्या गोंदियावरून जाते. या मार्गाच्या त्या टोकाच्या कलकत्त्याहूनही वादक मुंबईत येत राहिले. सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग १९५०च्या दशकाच्या अखेरीस आले. त्यांचे जोडीदार बासु चक्रवर्ती, हे चेलोवादक. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासु, मनोहारी आणि आपले मारुतीराव कीर हे तिघं सहायक. ठेका मारुतीराव बघत, सुरावटीची बाजू हे दोघं. पंचमच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ही नावं येतात, ती सहायक म्हणून. नुसता चेलोच वाजवत राहिले असते तर बासुदांचंही नाव तुम्हांआम्हांला कळलं नसतं, असं मला वाटतं. पुढे या जोडीने बासु-मनोहारी या नावाने स्वतंत्र संगीतही दिलं. मेहमूदचा १९७६चा 'सबसे बडा रुपैया' त्यांचाच. चाललेली गाणी आहेत, तरी ते मोठ्या संगीतकारांच्या रांगेत बसले नाहीत. माझ्या मते सहायक म्हणून त्यांनी केलेलं काम अधिक मोलाचं आहे, फक्त ते वेगळं काढून दाखवता येत नाही. अरेंजरचं दुखणंच ते!

ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आला. एका माणसाच्या दोन हातांत तंतुवाद्यांचा अख्खा ताफा. मल्टिट्रॅकमुळे उरलेल्यांना एकत्र बसवायचीही गरज राहिली नाही. रोजच्या बोलावण्यावर जगणाऱ्यांची बोलावणीच कमी झाली.

२००६ साली मुंबईच्या एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. ऑर्केस्ट्रा मुंबईचा, पण कितीतरी वादक कझाकस्तानसारख्या देशांतून आणावे लागले. ज्या शहरात वीस-तीस वर्षांपूर्वी स्टुडिओ तंतुवादकांनी भरलेले असत, त्याच शहरात.

आता ध्वनिफीत लावतो. गायिकेकडे लक्ष देऊ नका. खालची ओळ ऐका.