कामाच्या चिठ्ठीचा इतिहास

मोठ्या कचेरींत एका खात्याला दुसऱ्या खात्याकडे एखाद्या कामाची माहिती कळवावयाची असली म्हणजे कारकून सबंध दप्तर उचलून नेत नाहीं. तो एक चिठ्ठी लिहितो. कामाचा क्रमांक, विषय, तें कोणाकडे आहे आणि कोठवर आलें आहे, एवढेंच तींत असतें. कामांची नोंद ठेवणारीं सॉफ्टवेअरें एकमेकांशीं जोडतांना हीच साधी युक्ति रूढ व्हावयास बरीच वर्षें लागलीं.

१९९० नंतरच्या दशकांत एक मोहक कल्पना प्रचलित होती. माहिती व तिच्यावरील क्रिया यांची मोट म्हणजे ऑब्जेक्ट. तें दूरच्या यंत्रांत असलें तरी हाताशीं असल्याप्रमाणें वापरतां यावें, अशी ती कल्पना. १९९४ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींतील जिम वाल्डो व त्यांचे तीन सहकारी यांनीं हा भ्रम असल्याचें टिपण लिहून बजावलें. दूरच्या यंत्राशीं बोलण्यास वेळ लागतो, आणि तें मध्येंच बंदही पडतें. इशारा रास्त होता. पण मानला कोणी? १९९८ सालीं त्याच कंपनीनें एंटरप्राइज जावाबीन्स ही पद्धति प्रसिद्ध केली. तींत एका नोंदीचा एकेक रकाना वाचण्यासाठीं जाळ्यावरून एकेक फेरी होऊं शके. वीस रकाने, वीस फेऱ्या! तांब्यातांब्यानें हौद भरण्याचाच हा प्रकार.

सर्व रकाने एका हलक्या ऑब्जेक्टांत भरून एकाच फेरींत पाठवावे, हा त्यावरील उतारा. क्रिया नाहींत, केवळ माहिती. २००१ सालीं दीपक अलूर, जॉन क्रुपी व डॅन मॉल्क्स यांनीं आपल्या पुस्तकांत त्याला 'व्हॅल्यू ऑब्जेक्ट' म्हटलें. २००२ सालीं मार्टिन फाउलर यांनीं 'डेटा ट्रान्स्फर ऑब्जेक्ट' हें नांव दिलें. कारण पहिलें नांव ते रक्कम, तारीख अशा मूल्यांसाठीं राखीत होते. फाउलरांचेंच नांव मला अधिक प्रामाणिक वाटतें: हें ऑब्जेक्ट प्रवासापुरतेंच असतें.

परंतु चिठ्ठी हलकी म्हणजे किती हलकी? बगझिला ही १९९८ पासूनची मोझिला प्रकल्पाची दोषांची नोंदवही. तिच्यांतील नोंद उघडली कीं शेवटच्या बदलाची वेळही बरोबर येते, आणि आपला बदल पाठवितांना तीच वेळ परत जाते. दरम्यान दुसऱ्यानें त्या नोंदींत हात घातला असेल, तर वेळा जुळत नाहींत. मग 'मिड-एअर कोलिजन', म्हणजे आकाशांतील टक्कर, असें बजावून बगझिला आपल्याला थांबविते. वजन वाचविण्यासाठीं हा एक रकाना गाळावा, तर एकाचें लिखाण दुसऱ्याच्या हातून गुपचूप पुसलें जावयाचें.

मायलिन या जोडणीच्या कर्त्यांनीं दोन चिठ्ठ्या केल्या. मिक कर्स्टन यांच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील संशोधनांतून ती निघाली. प्रोग्रामरच्या एक्लिप्स या साधनांतच ती बगझिला, जिरा इत्यादि वह्यांतील कामें आणते. यादीसाठीं विषय, अग्रक्रम, मुदत एवढाच ऐवज. काम उघडलें म्हणजे मात्र सगळे रकाने.

जिराची गोष्ट याहून अवघड आहे. २००२ सालीं निघालेल्या या नोंदवहींत ग्राहक आपले रकाने स्वतः वाढवूं शकतो, आणि नव्या जोडणींत हवे तेवढेच रकाने मागतांही येतात. पण त्या वाढीव रकान्यांवर नांवाऐवजीं क्रमांक येतो, आणि तोही प्रत्येक कचेरींत निराळा. त्या क्रमांकाचा अर्थ काय, हें जोडणाऱ्याला मुद्दाम विचारून घ्यावें लागतें.