अशील घरी गेल्यावर

भिवंडीच्या कोर्टाबाहेर समन्सचा कागद धरून उभा असलेला यंत्रमाग कामगार पाहिला की मला ‘महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर’ हा खटला आठवतो. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील अशिलांची ओढाओढ करतात, फी पाडून केस पळवतात, अशी तक्रार होती. राज्य बार कौन्सिलने त्यांना दोषी धरले; बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने सोडले. पुढे अपील कोण करणार? अशील तर केव्हाच घरी गेलेला! १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी निकाल दिला : राज्य कौन्सिलही अपील करू शकते. नंतर अशी ओढाओढ गैरवर्तनच ठरली. मात्र १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे तक्रार तो कामगारही करू शकतो. त्याला हे आपण कधी सांगितले?