लाल नसलेलं हरिकेन

ब्रिटिश हवाई दलाचं निळं-पांढरं-लाल वर्तुळ तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, कुणाच्या टी-शर्टवर का होईना. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडणाऱ्या विमानांवर त्यातला लाल रंग नव्हता. कारण साधं होतं. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आणि लढाईच्या घाईत लाल दिसलं की आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडण्याची भीती. म्हणून १९४३मध्ये इथल्या विमानांवरचा लाल काढला. त्या जागी पांढरा भरला, तर तो हिरव्या-तपकिरी पंखावर लांबूनच उठून दिसायला लागला. मग त्या पांढऱ्यात निळा मिसळला. (एक बग सोडवला की दुसरा निघतो, हे आम्हाला नवीन नाही.)

मी सध्या बनवतोय ते असंच, बिनलालाचं हॉकर हरिकेन. प्रमाण १/३२. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.१९ मीटर, माझ्या मॉडेलचे ३८ सेंटिमीटर. ते पुस्तकांच्या कपाटात मावत नाही, पण एवढ्या आकारात या विमानाचा स्वभाव दिसतो. १९३५मध्ये पहिल्यांदा उडालेलं हरिकेन अर्धं जुन्या जमान्यातलं आहे. पुढचा भाग पत्र्याचा. वैमानिकाच्या मागे मात्र धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. लहान किटमध्ये ही कापडाखालची उभारी नुसती रेघ वाटते, इथे ती बोटाला लागते. रंगवताना याचा हिशेब ठेवावा लागतो. रंग उडून खालची चांदी दिसतेय, असा परिणाम बहुतेक जण हौसेने सगळीकडे देतात. पुढे तो शोभतो. मागे तो खोटा, कारण तिथे खाली पत्राच नाही.

बहुतेक किटांमध्ये डिकल्स १९४०च्या इंग्लंडमधल्या लढाईची येतात. त्यामुळे वर्तुळं मी एअरब्रशनेच केली. आधी फिकट निळ्याची पूर्ण चकती, मग मधोमध मास्किंग टेपचा गोल तुकडा, मग बाहेर गडद निळा. टेप काढेपर्यंत श्वास रोखलेला.

अशी वर्तुळं घेऊन भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४४मध्ये इम्फाळला आली. तिचे प्रमुख अर्जन सिंग तेव्हा चोवीस वर्षांचे होते, माझ्यापेक्षा लहान. मार्चअखेर जपान्यांनी कोहिमाकडचा रस्ता तोडला आणि तो २२ जूनपर्यंत बंद राहिला. सगळी रसद विमानाने. हरिकेनचं मुख्य काम होतं टेहळणी, म्हणजे जंगलावरून खालून उडायचं आणि शत्रू कुठे हलतोय ते पाहून यायचं. जूनमध्ये माउंटबॅटननी इम्फाळलाच येऊन अर्जन सिंगांना डीएफसी हे पदक दिलं.

मॉडेल पाहून मामा म्हणाला, "आपण सुभाषबाबूंच्या बाजूचे ना रे? मग हे इंग्रजांचं विमान कशाला?"

प्रश्न रास्त आहे. जपान्यांबरोबर आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ रोजी कर्नल शौकत मलिक यांनी मोइरांगला तिरंगा फडकवला. इम्फाळहून ते साधारण ४५ किलोमीटर, हरिकेनला काही मिनिटांचं. वर भारतीय, खालीही भारतीय, आणि वरच्याचं काम खालच्याला शोधणं. शाळेच्या पुस्तकात या दोघांची भेट होत नाही. मला हे विमान करायचंय ते यासाठीच. नुसती शौर्यगाथा करायची असती तर इंग्लंडची डिकल्स होतीच.

नोव्हेंबर १९४५मध्ये आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला तो लाल किल्ल्यात. १५ ऑगस्ट १९४७ला त्याच किल्ल्यावरून शंभराहून अधिक भारतीय विमानं गेली, आणि त्यांच्या पुढे अर्जन सिंग होते. हे ऐकून मामाने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "चाकं फिरतात का याची?"

फिरतात. त्यांना काय लावायचं ते ठरत नव्हतं. जून पकडला तर चिखल, एप्रिल पकडला तर धूळ. एप्रिल ठरवलाय. पिगमेंटची डबी आणून ठेवली आहे.