इंजिन फुकट, राक्षस विकत

१० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका सर्व्हरवर इतकी गर्दी लोटली, की ज्या वस्तूसाठी गर्दी जमली होती ती आत नेऊन ठेवायलाच जागा उरली नाही. टेक्सासमधल्या मेस्किट गावच्या 'इड सॉफ्टवेअर' या मूठभर माणसांच्या कंपनीला आपला 'डूम' हा नवा गेम तिथे चढवायचा होता. सर्व्हरवर एका वेळी किती जणांनी यायचं याची मर्यादा ठरलेली होती आणि वाट पाहणाऱ्यांनी ती आधीच भरून टाकली होती. मर्यादा वाढवली, खटपटी केल्या, गेम कसाबसा चढला. मग तो उतरवून घेणाऱ्यांच्या भारानं सर्व्हरच बसला.

सर्व्हरवाल्यांनंतर पाळी आली ऑफिसांतलं आणि कॉलेजांतलं नेटवर्क सांभाळणाऱ्यांची. नॉव्हेलच्या आयपीएक्स पद्धतीनं जोडलेल्या चार संगणकांवर चौघांना एकाच चक्रव्यूहात उतरून एकमेकांवर गोळ्या झाडता येत. कंपनीतल्या जॉन रोमेरोनं या प्रकाराला 'डेथमॅच' म्हटलं, आणि ते नाव आजतागायत टिकून आहे. अडचण अशी, की पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक आपला निरोप फक्त उरलेल्या तिघांना न देता नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या यंत्रांना ओरडून सांगे. ज्या हिशेबनिसाचा गेमशी काडीचा संबंध नाही, त्याचाही संगणक हे निरोप उघडून फेकून देण्यात गुंतून पडे. इंटेलनं ऑफिसात डूमवर बंदी घातली, कार्नेगी मेलन विद्यापीठानं नेटवर्कवर तो खेळू नका अशी सूचना काढली. थोड्याच दिवसांत कंपनीनं सुधारित आवृत्ती काढून हा आरडाओरडा थांबवला.

ओरडण्याची पद्धत चुकली असली, तरी काय सांगायचं हे मात्र फार हुशारीनं ठरवलेलं होतं. गेमचं इंजिन लिहिणारा जॉन कार्मॅक तेव्हा २३ वर्षांचा होता. त्यानं सेकंदाचे ३५ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एक संगणक दुसऱ्याला एवढंच कळवी, की माझ्या खेळाडूनं अमुक कळ दाबली, तमुक दिशेला वळला. राक्षस कुठे आहे, गोळी कुणाला लागली, यातलं काहीही तारेवरून जात नसे; ते प्रत्येक यंत्र आपापलं मोजून काढी. मग चार यंत्रांचं उत्तर एकच येणार कसं? त्यासाठी नशिबाचा भागही आधीच लिहून ठेवलेला होता. फासे टाकायची वेळ आली की गेम २५६ आकड्यांच्या एका ठरीव तक्त्यातला पुढचा आकडा उचले, त्यामुळे चारही घरी दान तेच पडे. निरोप इतका छोटा असल्यानं दोघांना साध्या मोडेमवरूनही खेळता येई. उणीव एकच होती. चौघांतला सगळ्यांत मंद संगणक जेवढा धावेल, तेवढेच बाकीचे धावणार.

फोन लावून अनोळखी माणसांशी डूम खेळायची सोय करून देणारी 'ड्वँगो' नावाची सेवा १९९४ मध्ये टेक्सासच्याच ह्यूस्टन शहरात निघाली. अमेरिकेत ती फार टिकली नाही. जपानमध्ये मात्र तिच्या नावानं निघालेली कंपनी पुढे 'निकोनिको' या प्रचंड लोकप्रिय व्हिडिओ संकेतस्थळाची मालक झाली.

डूमचा इतिहास सांगताना बहुतेक जण रक्तपात आणि त्यावरून अमेरिकेत माजलेला गदारोळ इथेच घोटाळतात. प्रत्यक्षात या धंद्याला वळण लावलं ते एका रूक्ष तांत्रिक निर्णयानं. १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' या आधीच्या गेममध्ये लोकांनी परवानगी न विचारता उचकापाचक सुरू केली होती. कुणी भिंती रंगवल्या, कुणी नाझी शत्रूच्या जागी बार्नी हा लहान मुलांच्या कार्यक्रमातला जांभळा डायनासोर आणून बसवला. असं काही करायचं तर गेमच्या मूळ फायली खोडून त्यांवरच नवं लिहावं लागे. कार्मॅकला हा प्रकार आवडला. डूममध्ये त्यानं सरळ दोन भाग केले. एका बाजूला इंजिन, म्हणजे चित्र काढणारा, टक्कर मोजणारा, नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम. दुसऱ्या बाजूला 'वॅड' नावाची फाइल, जिच्यात नकाशे, भिंती, राक्षस आणि आवाज असं ऐवज म्हणावं ते सगळं सामान. आपली वॅड लिहा, मूळ गेमला धक्का न लावता ती जोडा आणि खेळा. कंपनीतल्या काहींना ही उदारता परवडणारी वाटत नव्हती. लोक स्वतःच नकाशे बनवू लागले तर आपले कोण विकत घेईल, ही भीती अगदीच खुळी म्हणता येणार नाही. गेमचा पहिला, नऊ नकाशांचा भाग फुकट वाटायचा आणि पुढच्या दोन भागांसाठी ४० डॉलर घ्यायचे, यावर तर सगळा धंदा उभा होता.

कंपनीनं नकाशे बनवायचं साधन दिलं नव्हतं. ते लोकांनीच बनवलं. न्यूझीलंडमधल्या ब्रेंडन वायबरनं जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे गेम येऊन दोन महिने व्हायच्या आत, नकाशे घडवणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवला, आणि बेल्जियमचा राफाएल किने त्यात सामील झाला. हौशी मंडळींचे गट जमले. त्यातल्या 'टीम टीएनटी' या गटानं ३२ नकाशांचा संच फुकट वाटायच्या बेतानं तयार केला होता. तो वाटायच्या आधीच इडनं विकत घेतला आणि १९९६ मध्ये 'फायनल डूम'चा भाग म्हणून बाजारात आणला. या गटाचं नाव पुढे परत येणार आहे.

२३ डिसेंबर १९९७ ला इडनं डूमचा सोर्स कोड खुला केला. वुल्फेनस्टाइनचा कोड १९९५ मध्येच दिला होता, पण त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. डूमचं तसं नव्हतं. वेळही लवकरची होती: नेटस्केपनं आपला ब्राउझर खुला करत असल्याचं जाहीर केलं ते यानंतर महिनाभरानं, आणि 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग तर फेब्रुवारी १९९८ मधला. डूमचा कोड साफसूफ करून दिला बेर्न्ड क्रायमायर यानं, आणि तो डॉसचा नव्हता, लिनक्सचा होता. कारण डॉस आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो वाटायचा हक्क इडला नव्हता. म्हणजे जगभर ज्या गेमनं लोकांच्या कानठळ्या बसवल्या, त्याचा डॉसवाला आवाज काढणारा कोड त्या गाठोड्यात नव्हताच.

पहिला परवाना अर्धवट होता. धंद्यासाठी वापरू नका एवढी अट त्यात होती. सुधारणा केलीत तर तीही उघडी करा, असं बंधन नव्हतं. याचा फटका बसला 'जीएलडूम' या सुरेख आवृत्तीला. ती लिहिणाऱ्याची हार्ड डिस्क बिघडली, कोड गेला, आणि दुसऱ्या कुणाकडे त्याची प्रत असायचं कारणच नव्हतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये इडनं डूम जीपीएल या परवान्याखाली पुन्हा दिला. घ्या, बदला, विका, पण बदललेलं ज्याला द्याल त्याला त्याचा कोडही द्या, ही त्याची अट.

यावरून मतमतांतरं झाली, ती आजही वाचण्याजोगी आहेत. खुल्या सॉफ्टवेअरचा व्यापारी बाजूनं कैवार घेणाऱ्या एरिक रेमंडनं १९९९ च्या 'द मॅजिक कॉल्ड्रन' या निबंधात डूमचं उदाहरण घेतलं. त्याचा हिशेब रोकडा होता. १९९३ मध्ये ते इंजिन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, तेव्हा झाकून ठेवण्यात पैसा होता. प्रतिस्पर्धी जवळ आले, इंजिन जुनं झालं, तसं झाकण्याचं मोल घटलं आणि उघडण्याचं वाढलं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता रिचर्ड स्टॉलमन. त्याच्या लेखी बंद सॉफ्टवेअर हा मुळातच अन्याय. त्यात नफ्यातोट्याचा प्रश्नच नाही. पण गेममधली चित्रं आणि कथा या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना प्रोग्रॅमचा नियम जशाच्या तसा लागू होत नाही, असं त्यानंही मानलं. दोघांची वाट वेगळी असली तरी सीमारेषा आली ती नेमकी वॅड फाइलच्या कडेवर. इडनंही तिथेच थांबून कोड दिला आणि राक्षस स्वतःकडे ठेवले. डूमचा कोड फुकट मिळवून खराखुरा अख्खा डूम खेळायचा तर वॅड आजही विकत घ्यावी लागते. ज्यांना तेही मान्य नव्हतं, त्यांनी 'फ्रीडूम' या प्रकल्पात सगळे राक्षस आणि भिंती नव्यानं काढल्या.

तोवर कार्मॅकची झुंज नेटवर्कशी चालू होती. १९९६ च्या जूनमध्ये आलेल्या 'क्वेक'मध्ये त्यानं जुनी बरोबरीची पद्धत टाकून दिली. आता एक सर्व्हर सगळ्या जगाचा हिशेब ठेवी आणि खेळाडूंच्या यंत्रांना फक्त निकाल कळवी. ऑफिसच्या लॅनवर हे झकास चाले. मोडेमवाल्यांचे मात्र हाल झाले: कळ दाबा, निरोप सर्व्हरला जाऊन परत येईपर्यंत थांबा, मग पाऊल पडणार. कार्मॅकनं आपल्या जाहीर टिपणांत गफलत मोकळेपणानं कबूल केली. आपली गृहीतकंच चुकली, आपल्या घरी वेगवान लाइन होती, असा त्याचा आशय. डिसेंबर १९९६ मध्ये त्यानं 'क्वेकवर्ल्ड' दिलं. त्यात खेळाडूचं यंत्र सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पाऊल आधी टाकतं आणि उत्तर वेगळं आलं तर मागाहून दुरुस्त करतं. आज ऑनलाइन चालणारे बहुतेक गोळीबारी गेम याच कल्पनेवर उभे आहेत.

मात्र यात खेळाडूच्या यंत्रावर बराच विश्वास टाकावा लागतो. २१ डिसेंबर १९९९ ला क्वेकचा कोड जीपीएलखाली खुला झाला आणि त्या विश्वासाची परीक्षा लगेच झाली. फसवणूक आधीही होती, पण आता भिंतीपलीकडचं दाखवणारे, आपोआप नेम धरणारे खेळाडूच्या बाजूचे प्रोग्रॅम बनवणं सोपं झालं. कार्मॅकनं सुचवलं, की गेम अस्सल आहे की नाही हे तपासणारा एक छोटा बंद प्रोग्रॅम वापरा. रेमंडनं काही दिवसांतच लेख लिहून दोष रचनेवर ढकलला: खेळाडूला जे दिसायला नको ते त्याच्या यंत्राला पाठवताच कशाला? हे अर्धंच खरं आहे. भिंतीपलीकडच्या शत्रूचा ठावठिकाणा सर्व्हर लपवू शकेल. पण समोर दिसणाऱ्या शत्रूवर माणसापेक्षा चपळ नेम धरणाऱ्या प्रोग्रॅमला कुठलीही रचना अडवू शकत नाही, त्याला लागणारी माहिती तर द्यावीच लागते. पैसे आणि बक्षिसं लागलेल्या आजच्या स्पर्धांत संगणकाच्या गाभ्यापर्यंत घुसणारे बंद पहारेकरी बसवतात, त्यामागची अडचण हीच.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, त्यामुळे डूमची पहिली धामधूम इथे बरीचशी फ्लॉपींवरूनच पोचली. क्वेकच्या इंजिनाची विकत घेतलेली, बदललेली प्रत 'हाफ-लाइफ'मध्ये होती आणि 'काउंटर-स्ट्राइक' हा हौशींनी हाफ-लाइफवर रचलेला गेम. मुंबई-पुण्यातल्या सायबर कॅफेत नि अभियांत्रिकीच्या हॉस्टेलांत लॅनवर रात्र रात्र जो खेळला गेला, त्याचं मूळ असं मेस्किटला पोचतं.

दर काही वर्षांनी, नवं इंजिन विकायला लागलं की जुनं खुलं करायचं, हा रिवाज इडनं पाळला. क्वेक टू २००१ मध्ये, क्वेक थ्री २००५ मध्ये. क्वेक थ्रीच्या कोडात वर्गमुळाचा व्यस्त झटक्यात काढणारं एक चमत्कारिक फंक्शन होतं, त्यात एक गूढ आकडा आणि शेजारी एक शिवराळ टिप्पणी. लोकांनी ते कार्मॅकच्या खात्यावर जमा केलं. शोध घेता घेता माग गेला १९८० च्या दशकातल्या आर्डेंट कंपनीच्या ग्रेग वॉल्श आणि क्लीव्ह मोलर यांच्यापर्यंत. २०२१ मध्ये गिटहबच्या 'कोपायलट' या आपोआप कोड लिहिणाऱ्या साधनानं हे फंक्शन त्या शिवीसकट जसंच्या तसं लिहून दाखवलं आणि वर भलताच परवाना चिकटवला. जीपीएलच्या कोडावर शिकलेलं यंत्र त्याच्या अटी पाळणार का, हा वाद तिथून पेटला.

'डूम थ्री'च्या वेळी गाडी पेटंटात अडकली. सावल्या काढण्याची एक युक्ती कार्मॅकनं स्वतंत्रपणे शोधली होती, पण तिचं पेटंट क्रिएटिव्ह लॅब्सच्या नावावर होतं. २००४ मध्ये इडनं त्यांचं ध्वनितंत्र गेममध्ये घेऊन भांडण मिटवलं. २०११ मध्ये कोड खुला करायची वेळ आली तेव्हा वकिलांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली. कार्मॅकनं सावल्यांच्या कोडात काही ओळींचा फेरफार केला आणि त्या नोव्हेंबरात तो देऊन टाकला. २००९ पासून कंपनी झेनिमॅक्सच्या मालकीची होती. २०१२ मध्ये डूम थ्रीच्या सुधारित आवृत्तीचा कोड आला, त्यानंतरचं एकही इंजिन उघडलं नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात कार्मॅकनं कंपनी सोडली. रिवाज माणसाचा होता, कंपनीचा नव्हे, असंच यावरून वाटतं.

जुना डूम मात्र कुठे कुठे पोचला याला गणती नाही. २०१४ मध्ये तो कॅननच्या प्रिंटरवर चालला, २०२२ मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत जॉन डियरच्या ट्रॅक्टरच्या पडद्यावर, आणि त्यानंतर युरोपीय अवकाश संस्थेच्या एका उपग्रहावरही. त्या 'टीम टीएनटी'नं १९९८ मध्ये खुल्या कोडावर 'बूम' नावाचं सुधारित इंजिन बनवलं होतं: जुन्या मर्यादा उठवलेलं, नकाशे रचणाऱ्यांना नवी हत्यारं देणारं. ऑगस्ट २०२४ मध्ये डूमची नवी अधिकृत आवृत्ती आली, तेव्हा इडची मालकी मायक्रोसॉफ्टकडे गेलेली होती. १६ जणांच्या ऑनलाइन डेथमॅचबरोबर तिच्या जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांत हेही होतं, की बूमसाठी बनवलेले नकाशे आता तिच्यावर चालतात.